हात वगळून

तिस्कावर, टायरच्या दुकानाच्या डोक्यावर
आमची कंपनी आहे.
एक खोली, एक गच्ची, पाच माणसं
आणि भाड्याचा सर्व्हर, जो कुठे असतो
ते आम्हांलाही नीट ठाऊक नाही.

आम्ही कॅमेऱ्याला काजू दाखवतो.
अख्खा, पाकळी, तुकडा, डागी.
अख्खा, पाकळी, तुकडा, डागी.
चाळीस हजार गरांभोवती मी
चौकोन काढलेत, एकेक करून.
हल्ली ढग दिसला तरी
त्याची कड कुठे संपते तेवढंच बघते.

बघायला आलेल्या मुलाच्या मामांनी विचारलं,
"ऑफिसात किती जण?"
"पाच."
"पाच जण तर आमच्या घरी
गणपतीला नुसते वाढायला असतात."
मी हसले. ते चुकलं म्हणे.

आधी दोन वर्षं वेर्ण्याला होते, मोठ्या कंपनीत.
गळ्यात पट्टा, पट्ट्यात फोटो,
तीस तारखेला पगार.
तिथं काय केलंस असं कुणी विचारलं
तर दाखवायला एक बटण आहे:
उजवीकडे, वर, निळं.
त्याच्या निळेपणावर सात बैठका झाल्या.

इथं सकाळी सुचलेलं
संध्याकाळी चालतं.
किंवा संध्याकाळी जळतं,
मग लिबेरात खाली उतरून
टायरवाल्याकडून पाना मागून आणतो.
लिबेरात म्हणजे मालक.
झाडूही तोच मारतो, सोमवार त्याचा.
मंगळवार माझा.

पगाराचं म्हणाल तर
मार्चचा मेमध्ये आला, दोन हप्त्यांत,
सोबत त्याच्या आईनं दिलेला दोदोलाचा डबा.
पीएफ नाही. शनिवार आहे, पण कामाचा.
साईशला डेंगू झाला तेव्हा
वीस टक्के कंपनी तापानं फणफणली.
कंपनीचा अर्धा टक्का माझ्या नावावर आहे;
तो कागद मी विम्याच्या कागदांत ठेवलाय.
दोन्हींचे पैसे मिळायला
आधी काहीतरी घडावं लागतं.

नोव्हेंबरात यंत्र घेऊन वाळपईला गेलो.
तिथं उमावती गावस.
आधी फोडणीला, मग निवडणीला, सव्वीस वर्षं.
समोर न बघता, सुनेची तक्रार सांगत सांगत
बोटांनीच बघणाऱ्या.
"डाग न्हय गो तो, साल उरल्या."
तीन दिवस त्यांनी मला शिकवलं,
रात्री मी ते यंत्राला शिकवलं.
फीचा विषय कुणी काढला नाही.

चौथ्या दिवशी पट्टा सुरू केला.
पडद्यावर हिरवे चौकोन, हिरवे, हिरवे,
आणि मग एक लाल.
डागी.
चिकानं काळवंडलेलं, कडेला चिरलेलं काहीतरी.

"अगो, तो म्हजो आंगठो!"

त्या इतक्या हसल्या की सगळी रांग हसली.
लिबेरात हसला. साईशनं फोटो काढला.
मीही हसले, या वेळी चुकलं नाही.

रात्री फोंड्याला परत येऊन
गच्चीवर बसून मी ती ओळ लिहिली:
हात दिसले तर वगळा.
मोठ्या कंपनीत याला सहा महिने लागले असते,
एखाद्या बैठकीत कुणी विचारलंही असतं,
कुणाचे हात?
कदाचित नसतंही.
इथं अकरा मिनिटं लागली
आणि पहिल्या फटक्यात चाललं.
इतकं सुरेख चाललं
की मला सपाटून भूक लागली.

टायरवाला शटर ओढून केव्हाच गेला होता.
मंगळवार, म्हणून किल्ली माझ्याकडे.
पंखा बंद केला, दिवे घालवले,
सर्व्हर तेवढा कुठेतरी जागा राहिला.
जिन्यात बल्ब नाही; तो आणायचं
गेल्या पावसाळ्यापासून यादीत आहे.
कुलपाचं भोक
बोटांनीच सापडतं.